एक कोटी पट सिनॅप्स: विज्ञान दिनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४

विषय पक्का झाला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्राणिशास्त्र विभागाने हॉलमध्ये सिनॅप्स (दोन न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, जिथे जुळतात ती जागा) उभा करायचा, आणि तो हलता हवा. काम मुख्यतः एस.वाय.च्या मुलांचं, मदतीला अकरावीतली हौशी मुलं, मोटर आणि वायरिंगला भौतिकशास्त्राचे सर.

हाच विषय का, ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे सजावटीच्या नादात मूळ मुद्दा सुटायचा नाही. सिनॅप्स शिकवताना आपण फळ्यावर दोन फुगवटे काढतो, मधे फट, अलीकडे रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या, म्हणजे पुटिका, पलीकडे ते रसायन टिपणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर. चित्र बरोबर आहे, पण त्यात सगळं आधीच जागेवर बसलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक प्रथिनं केंद्रकाजवळ, पेशीच्या मुख्य भागात बनतात आणि तिथून दूरवर पोचवावी लागतात. काही प्रथिनं डेन्ड्राइटमध्ये, म्हणजे न्यूरॉनच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांत, जागच्या जागी बनतात हे खरं, पण त्यासाठी लागणारा आरएनएसुद्धा मोटर प्रथिनंच (पेशीत माल ओढून नेणारी प्रथिनं) वाहून नेतात. शिवाय सिनॅप्समधली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. लहानपणची एखादी आठवण पन्नास वर्षं टिकते. ती ज्या प्रथिनांवर उभी आहे ती मात्र टिकत नाहीत. वर्गात हे सांगताना मी दरवेळी इथे थांबते. आठवणीचा विचार रस्ते आणि वाहतूक सोडून करताच येत नाही, एवढं या प्रदर्शनातून लोकांपर्यंत गेलं पाहिजे.

१२ डिसेंबर

प्रमाण ठरलं: १ नॅनोमीटर म्हणजे १ सेंटीमीटर. थोडक्यात, एक कोटी पट. आज तासभर फळ्यावर नुसते आकडे मांडत बसलो आणि मुलं उठायला तयार नव्हती.

मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतली वाहतूक जिच्यावरून चालते ती नळी: व्यास २५ नॅनोमीटर, आपल्याकडे २५ सेंमी. सिनॅप्समधली पुटिका ४० सेंमी. किनेसिन हे मोटर प्रथिन लांबीला ८० सेंमीच्या आसपास, पाऊल ८ सेंमीचं. ॲक्टिन या प्रथिनाचा धागा ७ सेंमी जाड. दोन न्यूरॉनमधली फट २० सेंमी. इथवर सगळं टेबलावर मावतं. पण डेन्ड्राइटवरच्या एका स्पाइनचं (सिनॅप्स जिथे होतो त्या छोट्या उंचवट्याचं) डोकं अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे ५ ते १० मीटर! एकाच स्पाइनमध्ये हॉल संपला.

मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, पेशीचं केंद्रक कुठे येईल मग?" हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागातल्या पिरॅमिडल न्यूरॉनचा विचार केला तर सिनॅप्स केंद्रकापासून सहज २०० मायक्रोमीटरवर असतो. आपल्या प्रमाणात ते होतात २ किलोमीटर. कॉलेजच्या गेटपासून रस्त्याने मोजत मुलं जवळजवळ कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापर्यंत पोचली. आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा मीटरभर लांबीचा ॲक्सॉन, म्हणजे न्यूरॉनचा संदेश पुढे नेणारा तंतू? १०,००० किलोमीटर. पृथ्वीच्या परिघाचा पाव भाग. एवढं अंतर आणि पाऊल ८ सेंटीमीटरचं. हा आकडा प्रवेशद्वारावर लावायचा.

१६ डिसेंबर

रस्ता. आजचं काम सगळ्यात मनासारखं झालं.

मायक्रोट्यूब्यूल ही पोकळ नळी असते, पण एकसंध नसते. ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या जोड्या एकापुढे एक लागून एक पट्टी होते आणि अशा १३ पट्ट्या गोलाकार उभ्या राहून नळी बनते. मिस्त्रींनी शेतीच्या पाण्याची ५० मिमीची पीव्हीसी पाइप सुचवली. मी म्हटलं, आधी गणित करून बघू. ५ सेंमी जाडीच्या १३ पाइप एकमेकींना चिकटून गोलात उभ्या केल्या, तर त्यांच्या मध्यबिंदूंचं वर्तुळ २०.९ सेंमीचं होतं. बाहेरचा व्यास २५.९, आतली पोकळी १५.९. खऱ्या मायक्रोट्यूब्यूलचा बाहेरचा व्यास २५ नॅनोमीटर, आतला १५ ते १७. दुकानात मिळणाऱ्या पाइपने निसर्गाचं माप सेंटीमीटरच्या आत जुळतं, हे पाहून मिस्त्रीसुद्धा खूश झाले. त्यांनी प्लायची दोन कडी कापून दिली, पाइप तारेने बांधल्या.

लांबी २.४ मीटर ठेवली. प्रत्येक पाइपवर ४ सेंमी पिवळा, ४ सेंमी निळा असे पट्टे रंगवले: अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिन. एक जोडी ८ सेंमी, म्हणजे पूर्ण लांबीत ३० जोड्या. ज्या टोकाला बीटा उघडा तो अधिक ध्रुव, अल्फा उघडा तो उणे. या दिशेलाच सगळा अर्थ आहे, म्हणून टोकांवर मोठ्या लाल अक्षरांत "अधिक" आणि "उणे" लिहिलं. ॲक्सॉनमध्ये सगळ्या नळ्यांचे अधिक ध्रुव बाहेरच्या बाजूला असतात. किनेसिन बहुतांशी अधिककडे जातं, डायनीन हे दुसरं मोटर प्रथिन उणेकडे. मग ॲक्सॉनमध्ये कोण माल नेणार आणि कोण आणणार हे आपोआप ठरतं. आपल्या डेन्ड्राइटमध्ये मात्र दोन्ही दिशांच्या नळ्या मिसळलेल्या असतात, तिथे हिशोब एवढा सरळ राहत नाही.

२१ डिसेंबर

इतिहासाचा फलक मुलींनी लिहायला घेतला. मुद्दे दिले: १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी चेतातंतू आवळून पाहिला तेव्हा पेशीकडच्या बाजूला द्रव्य तुंबून फुगवटा आला. म्हणजे आतून काहीतरी सतत पुढे सरकत होतं. १९८५ मध्ये रॉन व्हेल, थॉमस रीज आणि मायकेल शीट्झ यांनी अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत स्क्विडच्या महाकाय ॲक्सॉनमधून हे सरकवणारं प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला किनेसिन नाव दिलं. स्क्विड म्हणजे आपल्या कोकणातलं माकूल. तो ॲक्सॉन जवळपास १ मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. बाजारातून माकूल आणून कापून दाखवायचं का, असं मुलांनी विचारलं. नको म्हटलं. फ्रीज नाही आणि दिवसभर गर्दी असणार.

३ जानेवारी २०२५

किनेसिनचे पाय. दोन डोकी (पाय म्हणून काम करतात ती डोकी, नावाचा हा घोळ मुलांना सुरुवातीलाच सांगून टाकला), लांब पिळदार देठ, आणि दुसऱ्या टोकाला मालाला धरणारी शेपटी.

आज चालण्याची रीत नीट बसवली. प्रथिनाचा मध्य एका पावलात ८ नॅनोमीटर सरकतो. हे १९९३ मध्ये प्रकाशाच्या चिमट्यात किनेसिन पकडून मोजलं गेलं. पण मागचं डोकं पुढच्याला ओलांडून जातं, त्यामुळे ते स्वतः १६ नॅनोमीटर जातं. म्हणजे मॉडेलमध्ये प्रत्येक पाय १६ सेंमी उचलून पुढे टाकायचा, दुसरा तोवर घट्ट. पाय ठेवायची जागा ठरलेली, फक्त बीटाच्या निळ्या पट्ट्याजवळ. अकरावीतल्या मुलीने पायांना चुंबक आणि पाइपवर प्रत्येक जागी पत्र्याची टिकली लावायचं सुचवलं. उत्तम चाललं.

सरांनी ऊर्जेचा फलक हाती घेतला. एका पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. किनेसिन साधारण ६ पिकोन्यूटन (बलाचं अतिसूक्ष्म माप) ओढीपर्यंत तग धरतं. ६ पिकोन्यूटन गुणिले ८ नॅनोमीटर म्हणजे ४८ एकक काम. एका एटीपीतून पेशीत सुमारे ८० एकक ऊर्जा मिळते. निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी येते. मुलांनी आणखी एक गणित केलं: ही ओढ प्रथिनाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे शंभर कोटी पट भरते. गणित बरोबर आहे, पण सर म्हणाले फलकावर नको, आणि मला पटलं. त्या आकाराला वजनाला काही किंमत नसते. तिथे खरा सामना असतो तो चहूबाजूंनी आदळणाऱ्या पाण्याच्या रेणूंशी. इंटरनेटवरच्या ॲनिमेशनमध्ये किनेसिन ऐटीत, संथ चालताना दिसतं. खरं किनेसिन धक्के खात, डगमगत जातं आणि तरीही मागे क्वचितच येतं. आमच्या मॉडेलला सरांनी मुद्दाम थरथर दिली आहे. दिसायला कमी सुबक, पण तेच राहू दे.

९ जानेवारी

वेग. किनेसिन-१ सेकंदाला सुमारे ८०० नॅनोमीटर जातं, म्हणजे १०० पावलं. आमची ३० पावलांची पाइप ते ०.३ सेकंदात पार करेल. कुणाला दिसणारच नाही. म्हणून वेळही १०० पट ताणली. सेकंदाला एक पाऊल, अर्ध्या मिनिटात एक फेरी. फलकावर दोन्ही वेग लिहायचे.

केंद्रकापासून २०० मायक्रोमीटरचं अंतर न थांबता चालल्यास सव्वाचार मिनिटांत संपतं. पण एकटं किनेसिन साधारण मायक्रोमीटरभर, शंभरेक पावलं चालून नळीवरून सुटतं. म्हणून एका पुटिकेला अनेक मोटर लागलेल्या असतात. एक सुटली तरी दुसरी धरून असते. ४० सेंमीची पुटिका फुग्यावर वर्तमानपत्राचा लगदा लावून केली, तिला तीन किनेसिन जोडली.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या सुट्टीनंतर मुलं तिळगूळ घेऊन आली, काम थोडंच झालं. विज्ञान मंडळाच्या पैशातून दोन गिअर मोटर आणि एलईडीच्या पट्ट्या आणल्या.

२२ जानेवारी

आता आठवणीकडे. नुसती चालणारी मोटर दाखवली तर लोक बघून जातील. आठवणीचा संबंध कुठे आहे ते समोर यायला हवं. आज सगळ्यांना बसवून केआयएफ-१७ ची गोष्ट सांगितली.

हे किनेसिनच्याच कुळातलं. टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये दाखवलं की डेन्ड्राइटमध्ये एनएमडीए रिसेप्टरचा एनआर२बी हा भाग केआयएफ-१७ वाहून नेतं. एनएमडीए रिसेप्टर शिकण्यासाठी किती महत्त्वाचा हे मुलांना माहीत होतं: दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असतील तेव्हाच तो उघडतो आणि कॅल्शियम आत सोडतो. २००२ मध्ये त्याच गटाने केआयएफ-१७ जास्त बनवणारे उंदीर तयार केले, आणि ते जागा लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत सरस ठरले. पुढे २०११ मध्ये केआयएफ-१७ काढून टाकलेल्या उंदरांची स्मरणशक्ती उणी पडलेली दिसली. वाहतूक वाढवली तर आठवण सुधारते, काढून घेतली तर बिघडते. दोन्ही बाजूंनी बघितलेला प्रयोग, म्हणून मला तो विशेष आवडतो.

माल उतरतो कसा, हे त्याहून सुंदर आहे. सिनॅप्स जागा असला की कॅल्शियम आत येतं, त्याने कॅमकायनेज-२ हे एन्झाइम चालू होतं, ते केआयएफ-१७ च्या शेपटीवर फॉस्फेट बसवतं आणि शेपटीची पकड सुटते. जिथे कामाची गडबड आहे तिथेच माल उतरतो. पत्ता कुठेही लिहिलेला नसतो! मॉडेलमध्ये हे असं करायचं: मुलाने बटण दाबलं की पिवळा दिवा, किनेसिन थांबणार, शेपटीचा चुंबक सुटणार, रिसेप्टर खाली.

२९ जानेवारी

स्पाइनची मान. मायक्रोट्यूब्यूल डेन्ड्राइटच्या मुख्य दांड्यात असतात. स्पाइनमध्ये अधूनमधून डोकावतात, पण आतलं राज्य ॲक्टिनचं. म्हणजे किनेसिनने आणलेला माल मानेपाशी येतो आणि शेवटचा मायक्रोमीटर दुसऱ्या मोटरने न्यावा लागतो. ती मायोसिन. स्नायूंत असतं त्याच कुळातली, पण हा पाचवा प्रकार लांब पायांचा आणि माल वाहणारा.

ॲक्टिनसाठी जुन्या साड्या पिळून दोन दोर केले आणि ते एकमेकांभोवती गुंडाळले. जाडी ७ सेंमी आली. खरी मजा पिळात: ॲक्टिनचे दोन पदर दर ३६ नॅनोमीटरला अर्धा वेढा घेतात आणि मायोसिन-५ चं पाऊलही ३६ नॅनोमीटरचंच. पाऊल आखूड असतं तर त्याला धाग्याभोवती गोल गोल फिरत जावं लागलं असतं. ३६ मुळे ते धाग्याच्या एकाच अंगाने सरळ चालतं. दर ३६ सेंमीवर लाल दोरा बांधून ठेवला. मुलांनी मायोसिनचे पाय त्या दोऱ्यांवर टेकवून बघितले, आणि कुणी काही न सांगता त्यांना ते उमगलं.

आठवणीशी जोडणारा प्रयोग २००८ चा, ड्यूक विद्यापीठातल्या मायकेल एहलर्स यांच्या गटाचा. मायोसिन-५बी एरवी दुमडून पडलेलं असतं. एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम आलं की ते उलगडतं, एएमपीए या दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर साठवलेली पिशवी धरतं आणि स्पाइनमध्ये ओढून नेतं. पृष्ठभागावर एएमपीए वाढले की तोच संदेश पुढच्या वेळी जोरात ऐकू जातो. सिनॅप्स बळकट होणं म्हणतात ते हेच. हे मायोसिन अडवलं तर ती बळकटी येत नाही. उलट वाटेवर मायोसिन-६ आहे, ते रिसेप्टर आत परत घ्यायला मदत करतं.

६ फेब्रुवारी

फलकाचा कच्चा मसुदा वाचला. एका मुलीने लिहिलं होतं, "मोटर प्रथिनांमुळे आठवण टिकते." मी तिला समुद्री गोगलगायीचा, ॲप्लिझियाचा प्रयोग वाचायला दिला. एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेतला, २००८ चा. सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे झटके दिले की न्यूरॉनमध्ये किनेसिनचं प्रमाण वाढतं. ते अडवलं तर दीर्घकालीन बदल तयारच होत नाही, आणि फक्त अलीकडच्या न्यूरॉनमध्ये किनेसिन वाढवलं तरी तो बदल सुरू होतो. पण एकदा बदल पक्का झाल्यावर या वाढीव किनेसिनची तशी गरज उरत नाही.

तिने विचार करून वाक्य बदललं: "आठवण घडताना जास्तीची वाहतूक लागते; सिनॅप्स सांभाळायला रोजची वाहतूक लागते." माझ्याही डोक्यात हा फरक इतका नेटका मांडलेला नव्हता. हेच वाक्य मोठ्या अक्षरांत.

११ फेब्रुवारी

बारावीची बोर्ड परीक्षा आजपासून. वर्ग केंद्राला गेले, आवाज बंद. मोटरच्या चाचण्या पाचनंतर करायच्या. हॉल सुदैवाने आपल्याकडे राहिला.

१७ फेब्रुवारी

मुंबईचा कोपरा. मुलांना वाटतं हे सगळं टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये चालतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या, पारदर्शक कृमीत ही वाहतूक जिवंतपणी बघते. या कृमीला न्यूरॉन ३०२. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की ॲक्सॉनमध्ये ॲक्टिन दाट असलेल्या जागी पुटिका अडकतात आणि त्यांच्यामागे आणखी पुटिका थांबून कोंडी होते. रूप मलिक यांचं २००४ चं काम डायनीनवरचं: भार नसेल तर लांब ढांगा, भार वाढला की ८ नॅनोमीटरची आखूड पावलं. अमेरिकेतलं ते काम करून ते मुंबईला आले, आधी टीआयएफआर आणि मग आयआयटी.

याच कृमीचा आणखी एक धागा. त्याच्या यूएनसी-१०४ या मोटरमध्ये दोष असेल तर पुटिका पेशीच्या मुख्य भागातच साचतात, टोकाला पोचत नाहीत, आणि कृमीची हालचाल बिघडते. माणसात त्याच कुळातलं केआयएफ१ए. २०१६ मध्ये असं दिसलं की वयानुसार कृमीत यूएनसी-१०४ कमी होत जातं, ते वाढवलं तर सिनॅप्सची झीज लांबते, आणि दीर्घायुषी कृमींची चांगली स्मरणशक्ती यूएनसी-१०४ वर अवलंबून असते. केआयएफ१ए च्या जनुकात बदल असलेल्या मुलांमध्ये पाय ताठ होणं, बौद्धिक वाढ मागे पडणं, दृष्टी अधू होणं असे त्रास दिसतात. हा फलक साध्या, सौम्य भाषेत लिहायचा. बघायला येणाऱ्यांत अशा मुलाचे आईवडीलही असू शकतात.

२५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून मांडणी आजच. जमिनीवर खडूने स्पाइन आखला: डोकं ६ मीटर, मान दीड मीटर रुंद. सिनॅप्सची २० सेंमीची फट पांढऱ्या रांगोळीने. पलीकडचा ॲक्सॉनचा फुगवटा निम्मा व्हरांड्यात गेला. पाइप मानेच्या अलीकडे संपते, साड्यांचा दोर तिथून आत जातो. दोहोंच्या मधे हातभर मोकळी जागा, आणि तिथे एक विद्यार्थी उभा राहणार. माल एका मोटरवरून दुसरीवर तो स्वतः हाताने देईल. यंत्राने करता आलं असतं, पण तिथे थांबून बोलणारा माणूस हवा.

२८ फेब्रुवारी

सकाळी दहापासून साडेचारपर्यंत रीघ. शाळेतली मुलं बटणावर तुटून पडली. रिसेप्टर खाली पडला की टाळ्या.

दुपारी एक निवृत्त गुरुजी आले. पत्नीला विस्मरण होतं, तिची मोटर बंद पडली का, असं त्यांनी विचारलं. त्यांना बसवून घेतलं. अल्झायमरमध्ये टाऊ नावाचं प्रथिन मायक्रोट्यूब्यूलवरून सुटतं आणि त्याच्या गाठी होतात, वाहतूक बिघडते हेही खरं, पण आजार फक्त त्यामुळे होतो असं म्हणता येत नाही, आणि मोटर सुधारणारं औषध आज दुकानात मिळत नाही. न्यूरॉलॉजिस्टना दाखवलंय का, विचारलं, दाखवलं होतं. जाताना त्यांनी पाइपवरच्या थरथरत्या किनेसिनची एक फेरी पूर्ण होईपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे अभ्यासक्रमात घाला." अभ्यासक्रम माझ्या हातात नाही, पण माझ्या वर्गात आता हे असणार.

सर्वांत चांगला प्रश्न सातवीतल्या मुलीचा: "रिकामी झालेली किनेसिन परत कशी येतात?" काही डायनीनच्या मालात बसून परततात, काही तिथेच मोडली जातात. तिला परतीचा प्रवास बघायचा होता आणि आमच्याकडे परतीची मोटर नव्हती.

३ मार्च

पाइपचा रस्ता सुटा करून प्रयोगशाळेच्या माळ्यावर. दोर आणि रिसेप्टर खोक्यात, चुंबक वेगळे. तालुक्यातल्या एका शाळेने संच मागितला आहे, एप्रिलमध्ये न्यायचा.

जूनमध्ये डायनीन करायचं. आज मिस्त्रींकडे मापं दिली: सहा पाकळ्यांचं कडं, १३ सेंमी व्यासाचं, त्यातून खाली १५ सेंमीची काठी, काठीच्या टोकाला पाइप धरणारा लहान गोळा. अशी दोन. पावलं बदलती हवीत: हलक्या ओझ्याला २४ किंवा ३२ सेंमी, जड ओझ्याला ८. सर म्हणतात स्प्रिंगवर जमेल.